लिलाव मिनिटाचा, वांधा खळ्यावरचा

उन्हाळ कांद्याच्या दिवसांत सकाळी उमराण्याच्या बाजार समितीत उभे राहा. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागलेली असते. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी येतो. कोणी फाळक्याजवळ हात घालून चार कांदे वर काढतो, एकाची मान दाबून बघतो, दुसऱ्याची पत्ती चोळून रंग पाहतो. तोवर पुकारा सुरू झालेला असतो. आकडा शंभराने चढतो, मग पंचवीसने, मग पाच-पाच रुपयांवर अडतो. ट्रॉलीवर उभ्या शेतकऱ्याने हो म्हणायचे की मान हलवायची एवढेच उरते. चार महिन्यांच्या मेहनतीचा निकाल एका मिनिटात लागतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो.

पण ज्याने कांदा विकला आहे त्याला ठाऊक असते की सौदा अजून पुरा झालेला नाही. गाडी काट्यावर जाते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते. वर दिसला तसाच माल खाली निघाला तर ठीक. खाली बारीक गोल्टी नाहीतर ओला, कोंबाळलेला माल निघाला, की व्यापारी वांधा काढतो. लिलावातला भाव तिथे खाली येतो आणि भरल्या गाडीच्या वेळी बोलणारा शेतकरी रिकाम्या गाडीशेजारी गप्प होतो.

हे देवळ्याच्या वाचकाला मी नव्याने सांगावे असे काही नाही. तरी सांगतो आहे, कारण अलीकडे आपल्या भागातली मुले वेगळ्याच लिलावाला उभी राहू लागली आहेत. कोणी फवारणीचा गाडा केला आहे, कोणी डाळिंबाच्या प्रतवारीचे यंत्र, कोणाच्या मोबाइलमध्ये मजूर मिळवून देणारे ॲप आहे. त्यांना गुंतवणूकदार हवा आहे, आणि त्याला पटवायचे कसे हा त्यांचा प्रश्न आहे. या प्रश्नावर सल्ला देणाऱ्यांचे दोन पंथ पडले आहेत. एक म्हणतो, मांडणी शिका. दहा स्लाइड, तीन मिनिटे, पहिल्या वाक्यात समोरच्याला पकडा, कोट-बूट घाला. दुसरा म्हणतो, हे सगळे शहरी नाटक आहे, काम चांगले असेल तर पैसा आपल्या पायाने चालत येईल. दोन्ही पंथांत तथ्य आहे आणि दोन्हींनी पोरांचे थोडेफार नुकसानही केले आहे.

आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. ‘शार्क टँक इंडिया’च्या पहिल्या हंगामात, जानेवारी २०२२ मध्ये, मालेगाव तालुक्यातले कमलेश घुमरे आपल्या चुलतभावासोबत दूरचित्रवाणीवर दिसले. देशाने त्यांना ‘जुगाडू कमलेश’ म्हणून डोक्यावर घेतले. वडिलांना पाठीवर टाकी लादून फवारणी करताना पाहिले, ते ओझे आणि अंगावर उडणारे औषध पाहिले, आणि म्हणून सायकलच्या धाटणीचा, ढकलत नेता येईल असा गाडा बनवला, अशी त्यांची गोष्ट. बोलणे सरळ, भाषा आपल्याकडच्या वळणाची हिंदी. मागणी होती १० टक्के हिश्श्यासाठी ३० लाख रुपयांची. समोरच्या गुंतवणूकदारांपैकी लेन्सकार्टचे पीयूष बन्सल यांनी दिले ते असे: ४० टक्के हिश्श्यासाठी १० लाख, आणि २० लाख बिनव्याजी कर्ज.

टाळ्या वाजल्या, अनेकांचे डोळेही भरून आले. आता पाटी-पेन्सिल घेऊन बसू. १० टक्क्यांना ३० लाख म्हणजे सगळ्या धंद्याची किंमत ३ कोटी. ४० टक्क्यांना १० लाख म्हणजे २५ लाख. एका बैठकीत किंमत बारापट उतरली. आपल्या बाजारात असे झाले असते तर रास्ता रोको झाला असता.

मग हा सौदा वाईट होता का? एका बाजूने पाहिले तर हो. धंदा वाढायचा तर पुढे आणखी पैसा लागतो आणि त्या वेळी नवा गुंतवणूकदार पुन्हा हिस्सा मागतो. पहिल्याच फेरीत ४० टक्के दिले की मालकाकडे ६० उरतात. दुसऱ्याला नव्या शेअरमधून २० टक्के दिले की त्या ६० चे ४८ होतात, म्हणजे आपल्याच कंपनीत आपले बहुमत गेले. सुरुवातीला १० टक्केच दिले असते तर त्याच जागी ७२ राहिले असते. शिवाय पुढचा गुंतवणूकदार कागद पाहून विचारतो की ज्याने उन्हात उभे राहून हे करायचे, त्याच्याच वाट्याला इतके थोडे, तर तो जीव लावून करील कशाला?

दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्या दिवशी हातात गाडा होता, पण बाजारात उभा राहिलेला धंदा नव्हता. अशा वेळी ३ कोटी हा आकडा कशावर टेकवायचा? कारखाना कसा लावायचा, सुटे भाग कुठून घ्यायचे, विक्रेत्यांचे जाळे कसे विणायचे, हे ज्याला येते असा माणूस सोबत मिळत होता. त्यातही दोन तृतीयांश रक्कम कर्ज, तेही बिनव्याजी. आपल्याकडे सोसायटीच्या उंबऱ्यावर चपला झिजवलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको. माझ्या मते सौदा महाग होता, पण मूर्खपणाचा नव्हता. ३ कोटींचा आकडा मात्र आधार न देता मागितला गेला, आणि सगळी घसरण तिथून सुरू झाली. गोष्टीने दार उघडले, पुढचे काम आकड्यांचे होते आणि ते आकडे तयार नव्हते.

म्हणून पहिल्या पंथाला मी अर्धे मार्क देतो. गोष्ट हवीच. गुंतवणूकदार माणूस असतो, त्याने दिवसभरात आठ-दहा जणांची मांडणी ऐकलेली असते. ‘कृषी क्षेत्रात फवारणीची समस्या गंभीर आहे’ असे म्हणणारा त्याच्या लक्षात राहत नाही, ‘माझ्या बापाच्या पाठीवर हे वळ आहेत’ म्हणणारा राहतो. ही ताकद देवळ्याच्या पोराकडे उपजत असते. तो ज्या अडचणीबद्दल बोलतो तिच्यात तो वाढलेला असतो. पण गोंधळ इथेच होतो. अडचण खरी असणे आणि आपला उपाय विकत घेतला जाणे, या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे. वळ पाहून हळहळणारे सगळेच गाड्याचे पैसे देत नाहीत.

ते अंतर मोजायचे कसे, हे कांद्याच्या चाळीवरून बघू. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. वजनघट, कोंब आणि सड मिळून साध्या चाळीत तीस-चाळीस टक्के माल गेला तर कोणी नवल मानत नाही. समजा एका मुलाने सड ओळखणारे यंत्र केले. कांदा सडू लागला की वायू सुटतो, यंत्र तो हुंगते आणि मोबाइलवर निरोप धाडते. ही कल्पना आता नवी नाही. लासलगावच्या संगणक अभियंता कल्याणी शिंदे यांच्या ‘गोदाम इनोव्हेशन्स’ने हेच काम केले आहे आणि त्याची पायाभरणी नाशिकच्या डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर या टाटा कन्सल्टन्सीच्या फाउंडेशनने चालवलेल्या केंद्रात झाली. तेव्हा आपल्या या मुलाला पहिलाच प्रश्न येणार की त्यांच्यात आणि तुझ्यात फरक काय? ‘आम्हाला स्पर्धक नाही’ हे उत्तर जो देतो, त्याची ट्रॉली तिथेच सोडून घोळका पुढे जातो. खरे सांगायचे तर सगळ्यात मोठा स्पर्धक दुसरी कंपनी नसतेच, ते शेतकऱ्याचे नाक असते. रोज सकाळी चाळीभोवती एक फेरी मारून वास घेणारा नाना फुकट काम करतो.

आता हिशोब. चाळीत २०० क्विंटल कांदा आहे आणि ३० टक्के घट धरली आहे, म्हणजे ६० क्विंटल गेले. यंत्रामुळे सडका ढीग वेळेत बाजूला काढता आला आणि घट २२ टक्क्यांवर आली, तर १६ क्विंटल वाचले. क्विंटलला १,५०० भाव मिळाला तर २४,००० रुपये. यंत्राची किंमत १८,००० आणि वर्षाची देखभाल ३,००० असेल तर पहिल्याच हंगामात पैसे वसूल. इथपर्यंतचा हिशोब बहुतेक पोरे करून आणतात. पण भाव ७०० वर आला तर? वाचलेल्या मालाचे ११,२००, देखभाल वजा जाता ८,२००. दोन हंगाम गेले तरी १८,००० फिटत नाहीत. वसुली तिसऱ्या हंगामावर जाते, आणि ७०० च्या वर्षात शेतकरी यंत्र घेत नसतो, बियाण्याची उधारी फेडत असतो.

मुंबई-पुण्याच्या गुंतवणूकदारापुढे हा दुसरा हिशोब स्वतःहून मांडणारा मुलगा मला जास्त पटवणारा वाटतो. भाव पडल्यावर यंत्र भाड्याने द्यायचे का, चार चाळींत मिळून एक बसवायचे का, की साठवणूक करणाऱ्या व्यापाऱ्यालाच गिऱ्हाईक करायचे, या प्रश्नांवर तो बोलू लागला की समोरच्याला कळते, याने पडलेला बाजार पाहिलेला आहे. ‘राज्यात एवढे लाख कांदा उत्पादक आहेत, त्यातले एक टक्का जरी मिळाले’ हे वाक्य मात्र कृपा करून सोडा. तो एक टक्का घरी चालत येत नाही. त्यापेक्षा ‘आमच्या गावात तीस जणांच्या चाळी आहेत, सहा जणांनी आगाऊ पैसे दिले, चौघांनी नाही म्हटले आणि त्यांची कारणे ही’ असे सांगता आले तर आकडा लहान असला तरी त्याला वजन येते.

दुसरा पंथ इथे म्हणेल की बघा, शेवटी कामच बोलले ना! नाही. काम आपोआप बोलत नाही, याचा सगळ्यात जुना दाखला किर्लोस्करांचा आहे. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला होता, तरी त्याला गिऱ्हाईक मिळायला काळ जावा लागला. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर जागा मिळाली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली, तीही औंधच्या राजाला या माणसाबद्दल विश्वास वाटला म्हणून. आधी शेतकऱ्याची भीती समजून घेणे आणि मग आश्रयदात्याचा विश्वास मिळवणे, दोन्ही कामे तोंड उघडूनच झाली. मांडणी म्हणजे खोटेपणा, ही आपल्याकडची समजूत सुटायला हवी. कांदा बाजारात नेताना आपण माती झटकतो, पात कापतो, त्याला कोणी लबाडी म्हणत नाही.

पण वर मोठा आणि खाली गोल्टी भरणे वेगळे. गुंतवणुकीच्या जगातही खळे असते, फक्त तिथले शब्द वेगळे आहेत. टाळ्या वाजल्या, हात मिळवले, टर्म शीटवर, म्हणजे सौद्याच्या अटींच्या मसुद्यावर, सही झाली, तरी पैसा आलेला नसतो. पैशाच्या बाबतीत त्या कागदाचे बंधन सहसा नसते. त्यानंतर छाननी लागते. बँकेचे उतारे, जीएसटीची विवरणपत्रे, कंपनीत कोणाचा किती हिस्सा, मामाकडून हातउसने घेतलेले दोन लाख कुठे लिहिलेत, यंत्राचा आराखडा तुमच्या नावावर आहे की ज्या कॉलेजात प्रकल्प केला त्यांच्या, असे एकेक निघते. काही आठवडे जातात, कधी काही महिने. टीव्हीवर जाहीर झालेल्या सौद्यांतले कितीतरी याच टप्प्यावर मोडतात किंवा रक्कम बदलते. वांधाच तो, काढणारा इंग्रजी बोलतो इतकेच.

याला उपाय म्हणून काही जण सांगतात की सगळ्या उणिवा पहिल्याच भेटीत ओतून मोकळे व्हा. मला हेही पटत नाही. तीन मिनिटे मिळाली असताना दोन मिनिटे कबुलीजबाबात घालवणाऱ्याला पैसे द्यावेत असे कोणालाच वाटत नाही. मधली वाट अशी की सगळ्यात मोठी एक उणीव स्वतःच काढायची, तिच्यावर काय करून पाहिले तेही सांगायचे आणि बाकीच्यांची यादी कागदावर तयार ठेवायची. ‘पावसाळ्यात यंत्राचा सेन्सर दमट हवेने चुकतो. दोन आवरणे करून पाहिली, दुसऱ्याने फरक पडला, अजून पुरता सुटलेला नाही.’ एवढे बोलायला पंधरा सेकंद लागतात. असे ऐकल्यावर खळ्यावर वांधा काढायला फारसे उरत नाही.

हे सगळे नीट जमले तरी एक प्रश्न राहतोच आणि तो विचारायला लोक उशीर करतात. आपण ज्याला पटवतो आहोत तो आपल्या धंद्याचा गुंतवणूकदार आहे तरी का? व्हेंचर कॅपिटलवाल्याचे गणित असे असते की दहा ठिकाणी पैसे घातले तर बहुतेक बुडतील, म्हणून जो एखादा तरेल त्याने सगळ्यांची भरपाई केली पाहिजे. त्याला वर्षाला वीस लाख नफा देणारा, देवळा-कळवण-सटाण्यात नावाजलेला फवारणी गाड्याचा कारखाना नको असतो. आपल्या दृष्टीने तो कारखाना म्हणजे सोने आहे. त्याच्या वहीत तो नापास आहे. नकार आला म्हणजे कल्पना टाकाऊ, असे समजून पोरे खचतात. पुष्कळदा दुकानच चुकलेले असते.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे तर आणखी वेगळे. आपल्या तालुक्यातही त्या निघाल्या आहेत आणि त्यांच्या संचालकांना गुंतवणूकदार शोधण्याची घाई असते. पण उत्पादक कंपनीचा भाग कायद्याने उत्पादकालाच घेता येतो. मुंबईचा फंड तिथे भागीदार होऊच शकत नाही, मांडणी कितीही देखणी असो. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने यातून वाट काढली ती अशी: उत्पादक कंपनी शेतकऱ्यांचीच ठेवली आणि काढणीपश्चात कामांसाठी वेगळी उपकंपनी उभी केली. त्या उपकंपनीत २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरिस, एफएमओ, प्रोपार्को या युरोपीय संस्थांनी मिळून ३१० कोटी रुपये गुंतवले. सह्याद्रीचे विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे पोहोचायला दहा वर्षांहून जास्त लागली. त्या गुंतवणूकदारांना स्लाइड दाखवल्या गेल्याच असतील, पण त्याआधी हजारो शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या होत्या.

ज्यांचे काम अजून नमुन्याच्या टप्प्यावर आहे त्यांनी हिस्सा विकण्याआधी हिस्सा न मागणारा पैसा बघावा, असे माझे मत आहे. केंद्राच्या स्टार्टअप इंडिया बीज निधीतून नमुना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान देण्याची सोय करण्यात आली. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या रफ्तार उपक्रमात कल्पनेच्या टप्प्याला ५ लाख आणि पुढच्या टप्प्याला २५ लाखांपर्यंतची तरतूद ठेवलेली आहे. महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवडल्या गेलेल्या २४ उद्योगांना सरकारी खात्यांकडून १५ लाखांपर्यंतचे काम देण्याची पद्धत पडली, आणि मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते अनुदान नाही, गिऱ्हाईक आहे. विरोधी बाजूही ऐकली पाहिजे. सरकारी पैशाला वेळ लागतो, कागद लागतात, हप्ते अडकतात, आणि तोवर हंगाम निघून जातो. खासगी गुंतवणूकदार लवकर निर्णय देतो आणि चुकलात तर तोंडावर सांगतो. ज्याचा धंदा खरोखर वेगाने वाढणारा आहे त्याने अनुदानाच्या रांगेत दोन वर्षे घालवणे हेही नुकसानच. रांग कोणती धरायची हे धंद्याच्या वेगावर ठरवावे, प्रतिष्ठेवर नको.

राहिला भाषेचा प्रश्न. इंग्रजी येत नाही म्हणून इकडची मुले मागे राहतात, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. करार इंग्रजीत असतो, तो वाचून घेणारा जाणकार आपल्या बाजूचा असायलाच हवा, त्याची फी द्यावी लागली तरी चालेल. मांडणीचे मात्र तसे नाही. पाठ केलेल्या इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाला मी मराठीत तेच विचारतो तेव्हा त्याच्या बोलण्याला धार येते, आणि घरच्या अहिराणीत विचारले तर तो हातवारे करून यंत्रच उभे करतो. आधी त्या भाषेत नीट सांगता आले पाहिजे. मग हिंदी करा, इंग्रजी करा.

गेल्या महिन्यात असाच एक मुलगा पाच कंदिलाजवळ चहाच्या टपरीवर भेटला. ट्रॅक्टरला जोडायचे, कांदा भरायचे यंत्र त्याने केले आहे. मोबाइलवर बारा स्लाइड होत्या, त्यातल्या चौथीवर जगाचा नकाशा.

“पहिले गिऱ्हाईक कोण?” मी विचारले.

“मामा. मेशीला. त्यांनी वापरले पण, नाना. तीन मजुरांचे काम होते म्हणाले.”

“पैसे दिले?”

तो हसला. “मामाकडे कसे मागायचे?”

“अरे, मामाकडे मागता येत नाहीत तर मुंबईच्या अनोळखी माणसाकडे कोणत्या तोंडाने मागशील? आधी मेशीला जा. किती देतील, नाही देणार तर का नाही, ते विचारून ये. मग नकाशाचे बघू.”

त्याने मोबाइल खिशात टाकला, चहाचे पैसे मात्र त्यानेच दिले. अजून आलेला नाही. मेशीला कांदा काढणी चालू आहे, मामा शेतातच असणार.